पांढरीतलं मडकं

११ डिसेंबर २०२३

चि. सौ. इंद्रायणीस,
दादाचा आशीर्वाद.

फोन उचलत न्हाईस म्हणून कागद घेतला. जानकूचा भाजीचा टेम्पो ओतूरला जातो, त्याच्या हाती देतोय. तुझ्या मेसच्या दारात देईल आन निघून येईल, उत्तर मागणार न्हाई. फाडायचं तर वाचून फाड. तुझी वहिनी कुशा गेली त्याला चार वर्षं झाली. तू दहाव्यालाबी आली न्हाईस तवा मी तुला लई शिव्या घातल्या. त्या आज परत घेतो. म्हणजे निम्म्या घेतो.

पांढर खणायला निघालेत, इंदे.

पांढर म्हणजे काय ते तुला सांगायला नको. आपल्या घरामागचं, घोड नदीच्या काठचं पांढऱ्या मातीचं टेकाड. सत्त्याण्णव साली पहिल्यांदा खणलं तवा मी तिथं मजूर व्हतो, तू डोक्यावर भाकरी घेऊन यायचीस. तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं पुरलेली निघाली. मग पुरातत्त्व खात्यानं तारेचं कुंपण घातलं, निळा बोर्ड ठोकला आन मला राखणदार नेमलं. तवापासून खडा हलवायची कुणाला परवानगी न्हाई. पंचवीस वर्षं मी त्या मातीवर भाकरी खाल्ली. दीड वर्षात रिटायर हुतो. आन आता नेमका परवानगीचा कागद घेऊन बाई आली.

उजमा मॅडम. जुन्नरच्याच हायत, बाजारपेठेतल्या. वय असंल पस्तीस. बारा पोरंपोरी, चार तंबू, तिपाईवरची दुर्बीण. मला 'काका' म्हणतात आन चहा स्वतः गाळून देतात. वाईट म्हणायला जागा न्हाई, तीच पंचाईत हाय.

मी म्हणलं, मॅडम, पूर्वेला खणा, तिकडं माल हाय. त्यांचं बोट पश्चिमेच्या उतरणीकडं. माझ्या तोंडून निघून गेलं, तिकडं नको, तिकडं नाग हाय. झालं! हसल्या आन म्हणाल्या, "काका, गावची माणसं जिथं नाग सांगतात, तिथं आम्हाला हमखास काहीतरी मिळतं." दुसऱ्या दिवशी पश्चिमेला दोरी लागली. अठरा वर्षं तोंड बंद ठेवलं आन एका नागानं घात केला. गाढव हाय मी, गाढव.

तुला का सांगतोय, ते मलाच नीट ठाऊक न्हाई. थंडी लई हाय. ओट्यापाशी उभी राहतेस, पायात काहीतरी घालत जा.

दादा

२७ डिसेंबर २०२३

चि. सौ. इंद्रायणीस,
आशीर्वाद.

पत्र फाडलं न्हाईस म्हणं. जानकू सांगत व्हता, तू ते पिठाच्या डब्याखाली ठेवलंस. बरं वाटलं.

खड्डा हातभर गेलाय. लोखंडाला हात लावत न्हाईत, ब्रशनं झाडतात. मी बसून बघतो. खड्ड्याची कड कशी दिसती, जुनी माती आन हलवलेली माती कशी वळखायची, हे मला तवा खणायला आलेल्या मोठ्या सरांनी सत्त्याण्णव सालीच शिकवलं व्हतं. त्यांनी अजून एक शिकवलं व्हतं. मोठी माणसं निघायची ती घोट्यापासनं पाय तोडलेली. आमी मजूर घाबरलो. सर म्हणले, अरे, मेल्यावर पुरताना तोडत असतील. मेलेला माणूस चालत घरी परत येऊ नये म्हणून, असा आमचा अंदाज. मी विचारलं, आन लेकरं? लेकरं दोन मडक्यांत निघायची, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली मडकी, आन आत इवलीशी हाडं, पाय धड. सर म्हणले, लेकराचे पाय कोण तोडंल? लेकरू परत आलं तर कुणाला नको असतं?

ते मी विसरलो न्हाई. माणसानं काय काय लक्षात ठेवावं!

गावात आजबी माझ्या नावानं बोटं मोडतात. पांढरी माती कांद्याला लई मानवती, आपल्या आज्यापासनं लोक गाड्या भरून न्यायचे. बोर्ड लागला तरी चोरून न्यायचेच. अकरा साली तो सुदर्शन ट्रॅक्टर घेऊन आला, पश्चिमेच्या बाजूला. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यानं खोरं मातीत घातलं तसा मी पहारीनं त्याचा हात मोडला. कोपरापासनं. आवाज झाला तो अजून ऐकू येतो. लेकाचा माझ्या पाया पडत व्हता आन मी अजून मारत व्हतो, जानकूनं मागनं धरलं म्हणून वाचला. पोलीस आले, खात्याचे साहेब आले. साहेबांनी मला शाबासकी दिली! म्हणले, वारसा जपायचा तर असा माणूस पाहिजे. पुण्याला नेऊन शाल घातली. फोटो भिंतीला हाय.

वारसा. माझ्या बोडख्याचा वारसा.

दादा

९ जानेवारी २०२४

चि. सौ. इंद्रायणीस,
आशीर्वाद.

आज रागात लिहितोय, तवा सांभाळून घे.

जानकूला मी विचारलं, कशी दिसती माझी बहीण? तो म्हणला, बारीक झाली, पण कपाळ भरून कुंकू असतं आन गळ्यात दोन वाट्या. परवा तुझा कसलातरी उपास व्हता म्हणं. कुणासाठी गं? त्या रखमाजीसाठी? अठरा वर्षं झाली तो जाऊन, आन तू अजून वडाला सूत गुंडाळतीस? हाच नवरा साता जन्मी?

मी मोजून सांगू? पहिल्या दिवाळीला आलीस तवा डावं बोट वाकडं व्हतं. म्हणलीस, जात्यात अडकलं. घरात जातं तरी व्हतं का तुमच्या? दुसऱ्या वर्षी पाठीवर चुलीतल्या लाकडाचा डाग. तिसऱ्या वर्षी तू पळून आलीस, अनवाणी, शिनोलीच्या फाट्यापासनं चालत, कानातनं रगत.

आन मी काय केलं? हे मी कधी बोललो न्हाई, आज बोलतो. मी तुला परत एसटीत बसवलं. एकदा न्हाई, दोनदा. म्हणलं, लोक काय म्हणतील, बाई नवऱ्याच्या घरी शोभती. तिकीट मीच काढलं. तू खिडकीतनं माझ्याकडं बघितलं न्हाईस, आन मला वाटलं, बरं झालं, रडली न्हाई.

तिसऱ्यांदा तू आलीस ती बैलगाडीत आडवी आलीस. सातवा महिना. शिमग्याचा आठवडा. त्यानं पोटात लाथ घातली व्हती. एक न्हाई. कुशानं रात्रभर तुझ्यापाशी बसून सगळं केलं, आन सकाळी माझ्या हातात धोतराच्या फडक्यात गुंडाळून दिलं. पोरगी. डोक्यावर जावळ व्हतं. नखंबी व्हती, इंदे. दात न आलेलं लेकरू जाळत न्हाईत, पुरतात, आन आईला जागा दाखवत न्हाईत. मी एकटा गेलो आन एकटा आलो.

तो माणूस जिथं गेला तिथं गेला. त्याचं नाव काढून उपास धरू नकोस. एवढंच सांगायला कागद घेतला.

खड्डा कंबरेला आलाय.

दादा

२१ जानेवारी २०२४

चि. सौ. इंद्रायणीस,

तुझी चिठ्ठी मिळाली. अठरा वर्षांत तुझं पहिलं अक्षर. जानकूच्या टेम्पोत, मेसच्या बिलाच्या पाठीवर. दहा येळा वाचली. तू लिहिलंस:

"दादा, तुझ्या हाडांच्या गोष्टी मला नको. मला का मारलं, किती मारलं, ते माझ्या अंगाला ठाऊक हाय, तू मोजू नको. माझं लेकरू कुठं पुरलं तेवढं सांग. तवाबी विचारलं व्हतं, तू तोंड फिरवलंस. तो गेला त्याचा राग न्हाई मला. तोंड फिरवलंस त्याचा हाय."

म्हणजे मी अठरा वर्षं चुकीच्या गोष्टीची माफी मागत व्हतो. मला वाटायचं, नवरा मी पळवून लावला म्हणून तू बोलत न्हाईस.

सांगतो. ऐक.

ती पांढरीवर हाय. पश्चिमेच्या उतरणीला, बाभळीपासनं नऊ पावलं. त्या सकाळी मी फडक्यातलं लेकरू घेऊन नदीवर चाललो व्हतो, जिथं सगळे पुरतात तिथं. पण तिथं कुत्री उकरतात, मी बघितलंय. मला ते होईना. माझ्याकडं शेडची चावी व्हती. शेडमधी सत्त्याण्णव सालच्या खणण्यातली दोन राखाडी मडकी व्हती, रिकामी निघालेली, कोपऱ्यात पालथी. मी ती चोरली. तीन हजार वर्षांची सरकारी वस्तू चोरली, त्याला काय शिक्षा असंल ती असो. आत मीठ घातलं, तिला ठेवलं, कुशाची चोळी पांघरली, आन दुसरं मडकं तोंडाला तोंड लावून आडवं पुरलं. त्या जुन्या लोकांना कळत व्हतं. पुन्हा आईच्या पोटात ठेवल्यासारखं दिसतं ते. वर एक गोल दगड ठेवला.

जागा सांगितली असती तर तू रोज तिथं येऊन बसली असतीस. मातीत हात घातला असतास. मी तुला त्या मातीत हात घालू देऊ शकत नव्हतो. का, ते विचारू नको.

चोवीस तारखेपासनं ते लोक बाभळीकडं सरकणार. मी मॅडमला सांगू कसं, की हे लेकरू तीन हजार वर्षांचं न्हाई, माझ्या बहिणीचं हाय? मग त्या विचारतील, काका, अजून काय काय हाय खाली?

दादा

१ फेब्रुवारी २०२४

इंदे,

वर नुसतं नाव लिहिलंय. सौ. लिहिलं न्हाई. आजपर्यंत प्रत्येक कागदावर लिहिलं आन प्रत्येक येळी मला ठाऊक व्हतं की खोटं लिहितोय. आधी खाली बस. गॅस चालू असंल तर बंद कर. मग वाच.

रखमाजी सुरतंला गेला न्हाई. कुठंच गेला न्हाई. दसऱ्यानंतर तो तुला न्यायला आला व्हता, आठवतं? हिरवी साडी आणली व्हती. तू पिशवी भरलीस. अजून तुझं अंग भरलं नव्हतं, आन तू पिशवी भरलीस! मी दारात उभा राहून बघत व्हतो, आन मला दिसत व्हतं की मी परत तिकीट काढणार. तिसऱ्यांदा. मी म्हणलं, पावणं, जरा पांढरीवर येता का, बोलायचंय.

मारायला नेला नव्हता. शपथ घेत न्हाई, पण नव्हता. मला त्याला जागा दाखवायची व्हती. वाटलं, बाप हाय, जागा बघून काळीज हलंल. दिवस मावळायला आला व्हता. मी दगड दाखवला, म्हणलं, हितं हाय तुमची लेक. तो तंबाखू थुंकला. म्हणला, "पोरगीच व्हती ना? मग बरंच झालं की. पुढच्या येळंला बघू." आन बुटाच्या टोकानं तो दगड ढकलला. नुसता ढकलला, गंमत म्हणून. गडगडत खाली गेला.

कुदळ माझ्या हातात नव्हती. कुंपणाला टेकवलेली व्हती. मी चार पावलं गेलो, ती उचलली, चार पावलं परत आलो. लोक म्हणतील रागाच्या भरात झालं. आठ पावलं व्हती ती. मी तसंच सांगणार.

पहिला घाव खांद्यावर बसला. तो गुडघ्यावर आला आन मला "अहो" म्हणला. आयुष्यात कधी अरेच्या वर गेला न्हाई, तवा "अहो, अहो दादा" म्हणायला लागला. दुसरा डोक्यात घातला. तिसऱ्याची गरज नव्हती. तरी घातला. चौथाबी घातला. एक तुझ्या बोटाचा, एक कानाचा, असं मनात म्हणत व्हतो. तोंड वळखू येईना तवा थांबलो. माझ्या दाढीत काय काय उडालं व्हतं.

मग कोयता आणला आन पाय तोडले. घोट्याच्या वर. ऊस तोडल्यासारखं न्हाई ते, लई जड जातं, पाच-सहा घाव लागतात. तू म्हणशील, मेलेल्या माणसाचे पाय कशाला तोडायचे. मी सरांचं ऐकलं व्हतं ना. मला भूत-बित वाटत नव्हतं गं. मला एवढंच वाटत व्हतं की हा परत येईल, तुझ्या दारात उभा राहील, आन तू भाकरी वाढशील. पाय आन त्याच्या अंगावरचे कपडे गोणीत घातले, दगड बांधले, दुसऱ्या दिवशी डिंभ्याच्या धरणात सोडले. बाकीचा तिथंच गेला. उत्तरेला डोकं, जुन्या लोकांसारखं. शेडमधले दोन फुटके वाडगे डोक्याशी ठेवले, म्हणजे कधी कुणी खणलंच तर जुनाच वाटावा. मला सरांनी शिकवलं व्हतं, मी चांगला शिकलो व्हतो.

घरी येऊन तुला म्हणलं, गेला सुरतंला, माझ्याशी भांडला. तू तांब्या फेकून मारलास. त्याच्या भावांनी आठ दिवस शोधलं आन मग त्याची जमीन वाटून घेतली. तू ओतूरला गेलीस.

पण एक चूक केली, आन ती मला अठरा वर्षं खातीये. तो पडला तिथंच मी खड्डा घेतला. सात महिन्यांपूर्वी तिच्यासाठी खणलेली जागा, माती मऊ व्हती, नवी उकर दिसली नसती. रस्त्यानं ऊसतोडीच्या गाड्या चालल्या व्हत्या, मला घाई व्हती. तिच्यापासनं तीन हातांवर मी त्याला पुरला. म्हणून तुला जागा दाखवली न्हाई. तू लेकराजवळ बसली असतीस आन तुझ्या मांडीखाली तो असता.

आता परवाचं सांगतो. सोमवारी तो निघाला. मंगळवारी ती.

उजमा मॅडम रडल्या, इंदे. आनंदानं. पाय तोडलेला माणूस, डोक्याशी वाडगे, आन शेजारी जुळलेली मडकी. मडकी तर खरंच जुनी हायत, त्या तरी काय करतील? मडकं एका अंगाला तडकलंय, तिथनं आतलं दिसतं. म्हणाल्या, "काका, बघा ना. असं कधी मिळालेलं नाही. बापानं लेकराकडं तोंड केलंय. तीन हजार वर्षं जवळ ठेवलंय त्यानं बाळाला." मी त्याला खड्ड्यात लोटला तवा तोंड कुठंबी पडलं असतं. अख्खं गाव बघायला आलं. मीच दोरी धरून लोकांना मागं सारत व्हतो. पेपरवाला फोटो काढून गेला. बायका पदर डोळ्याला लावत व्हत्या, म्हणत व्हत्या, कसा गं मायाळू बाप!

मला हसू आलं. मग परत दोरी धरली.

नऊ तारखेला शुक्रवारी पेट्या पुण्याला जाणार. तो कबर तेरा, ती कबर चौदा. मॅडम म्हणतात, दोघांना एका काचेत ठेवायचं, जसे सापडले तसे. वय काढायला कोळसा पाठवणार हायत, हाडं न्हाई. म्हणजे मी गप्प बसलो तर वाचलो. पुढंमागं कुणा शहाण्याला कळंल, तवर मी मेलेला असीन. शाल हाय, फोटो हाय, पेन्शन हाय.

पण एका काचेत! शाळेची पोरं रांगेनं येतील आन मास्तर सांगतील, हा बाप, ही त्याची लेक.

तू सांगशील तसं करतो. गप्प बस म्हणलीस तर गप्प बसतो, तुझं कुंकू गावाच्या लेखी तसंच राहील. बोल म्हणलीस तर बोलतो. पहिल्यांदा तुला विचारतोय. एसटीत बसवताना विचारलं नव्हतं.

दादा

७ फेब्रुवारी २०२४

चि. इंद्रायणीस,
दादाचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे.

जानकूला वाचता येत न्हाई, पण डोळे हायत. त्यानं सांगितलं. तू पत्र उभ्यानं वाचायला लागलीस, मग पोत्यावर बसलीस. मेसची पोरं जेवायला येऊन उभी राहिली, तू त्यांना वाढलंस, सगळ्यांना, दोनदा आमटी फिरवलीस. मग हात धुतलेस, गळ्यातलं काढून ओट्यावर ठेवलंस, आन जानकूला म्हणलीस, "त्याला म्हणावं, बाकी काय करायचं ते कर. आधी माझी लेक त्याच्या शेजारनं उचल."

उचलली.

आज सकाळी मॅडम पोरांना घेऊन शिवनेरी दाखवायला गेल्यात. शेडची चावी माझ्याकडंच असती, माझ्यावर लई विश्वास त्यांचा. कबर चौदाची पेटी उघडली. मडकी जशी जुळलेली व्हती तशीच हायत, आतली माती आतच हाय, मी बोटबी घातलं न्हाई. कुशानं सातव्या महिन्यात शिवायला घेतलेलं दुपटं घरच्या ट्रंकेत तसंच पडून व्हतं, एक कोपरा शिवायचा राहिलाय. त्यात गुंडाळली. जानकूला सांगितलंय, मागं कांद्याच्या गोणीत ठेवायचं न्हाई, पुढं शेजारच्या सीटवर, आन नारायणगावचे खड्डे हळू घ्यायचे. काय हाय ते त्याला सांगितलं. त्यानं टेम्पो धुवून आणला.

मॅडमसाठी येगळा कागद लिहून टेबलावर ठेवलाय. त्या पोरीचं मी लई नुकसान केलं. तिनं बाप म्हणून ज्याच्यासाठी डोळे पुसले तो कोण ते लिहिलंय, आन वाडगे कुठल्या खड्ड्यातले तेबी लिहिलंय, निदान तेवढं तरी खरं तिच्या कामी यावं. दोन मडकी चोरल्याची माफी मागितली. ती परत मागतील, इंदे. सरकारी हायत. द्यायची. पण आधी तुझं तू उरक, मग रिकामी दे.

मी आता अंघोळ करून घोडेगावला पोलीस स्टेशनात जाणार. कुदळ शेडमधीच हाय, दांडा बदललाय, लोखंड तेच. बरोबर नेतोय. शाल नेत न्हाई. आठ पावलं सांगणार. कशासाठी मारला तेबी सांगणार, पण तुला दोनदा परत कुणी धाडलं ते आधी सांगणार, कारण सुरुवात तिथनं हाय. कुणी तुला विचारायला आलं तर खरं बोल. मला वाचवायला जाऊ नको. मला भेटायला यायचीबी जबरदस्ती न्हाई.

भीती वाटती का म्हणशील, तर वाटती. थंडी लई हाय असं पहिल्या पत्रात लिहिलं व्हतं. थंडी नव्हतीच तेवढी.

तुझ्या खोलीमागं सीताफळाचं झाड हाय म्हणं. तिथं ठेव, न्हाईतर तुला वाटंल तिथं. जागा तूच बघ, तूच खण, कुणाला सांगायचं न सांगायचं तूच ठरव. मीठ जुनं झालं असंल, मूठभर नवं घाल. तोंडं वेगळी करताना हळू. तिचे पाय धड हायत, बघ.

एक राहिलं. मडक्याच्या पोटावर मॅडमनी पांढऱ्या रंगानं नंबर टाकलाय, चौदा. तो ओल्या फडक्यानं निघतो, मी बघितलंय त्यांना पुसताना. तेवढा पूस. नाव आत्या ठेवती म्हणतात, पण त्या घरच्या कुणाला बोलवायचं न्हाई. अठरा वर्षं बिननावाची हाय ती. तूच ठेव.

तुझा,
चांगदेव दादा